केटी टेलरच्या पहिल्या आठ लढती: जोड कशी लावली गेली

२००६ च्या नोव्हेंबरात दिल्लीत महिलांची जागतिक बॉक्सिंग स्पर्धा झाली. मेरी कोम, सरिता देवी, लेखा के. सी. आणि जेनी आर. एल. यांच्या चार सुवर्णपदकांसाठी ती आपल्या लक्षात आहे. त्याच स्पर्धेत ६० किलो गटात आयर्लंडमधल्या ब्रे गावची वीस वर्षांची केटी टेलर पहिल्यांदा जगज्जेती झाली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. पुढे तिने तो किताब सलग पाच वेळा जिंकला आणि २०१२ ला लंडनमध्ये ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. दिल्लीनंतर बरोबर दहा वर्षांनी, २६ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री, ती लंडनच्या वेम्बली अरीनात हेडगार्ड न घालता रिंगमध्ये उतरली. ती तिची पहिली व्यावसायिक लढत.

त्या रात्रीपासून १३ डिसेंबर २०१७ पर्यंत, म्हणजे एक वर्ष आणि सतरा दिवसांत, ती आठ वेळा लढली. सुरुवातीला समोर होती ती जिंकलेल्यापेक्षा हरलेल्या लढती जास्त असलेली एक बॉक्सर. आठव्या लढतीला केटी स्वतः जगज्जेती म्हणून किताब राखायला उभी होती. या आठ लढतींचा हा अभ्यास.

अशा सुरुवातीच्या लढती बातमीत दोन ओळींत उरकतात. मला मात्र त्यांचं फार कुतूहल आहे, आणि ते आलंय कुस्तीतून. जत्रेच्या फडावर जोड लावणारी जाणती माणसं तुम्ही पाहिली असतील. कोणत्या पोराला कोणासमोर सोडायचं, याचा त्यांचा हिशेब पक्का असतो. हलकी जोड लावली तर पोरगा काही शिकत नाही, अंगाबाहेरची लावली तर मनातून मोडतो. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हे काम मॅचमेकर करतो. केटीच्या वेळी त्याच्यापुढची अडचण नेहमीपेक्षा वेगळी होती.

तीस वर्षांची नवशिकी

२०१६ हे केटीचं वाईट वर्ष होतं. एप्रिलमध्ये तुर्कस्तानातल्या सामसुनला, ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत, ती अझरबैजानच्या याना अलेक्सीव्हनाकडून हरली. मेमध्ये अस्तानाला जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत फ्रान्सच्या एस्टेल मोस्लीने तिला हरवलं. ऑगस्टमध्ये रिओला फिनलंडच्या मीरा पोटकोनेनने उपांत्यपूर्व फेरीतच तिचं ऑलिंपिक संपवलं. जिला वर्षानुवर्षं कोणी हरवत नव्हतं ती चार महिन्यांत तीनदा हरली. लहानपणापासून तिच्या कोपऱ्यात उभे राहिलेले वडील, पीट टेलर, त्या वर्षी तिच्यासोबत नव्हते. जुलैमध्ये तिला तीस वर्षं पूर्ण झाली होती.

ऑक्टोबरमध्ये तिने व्यावसायिक होत असल्याचं जाहीर केलं. प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारा, होता इंग्लंडचा एडी हर्न. महिला बॉक्सिंगकडे त्याचं तोवर फारसं लक्ष नव्हतं, केटीने स्वतःहून त्याच्याशी संपर्क साधला. प्रशिक्षक म्हणून तिने रॉस एनामेटला निवडलं आणि घर सोडून अमेरिकेत कनेटिकटला जाऊन राहिली.

आता जोड लावणाऱ्याच्या जागी जरा बसून पाहा. ऑलिंपिक गाजवून आलेल्या पुरुष बॉक्सरसाठी एक मळलेली वाट असते. आधी दमलेले, अनुभवी, हरायची सवय झालेले काही प्रतिस्पर्धी, मग थोडे चिवट, मग एखादा प्रादेशिक किताब, आणि दोन-तीन वर्षांनी जागतिक किताबाची संधी. प्रत्येक पायरीवर डझनांनी माणसं हजर असतात. बाईसाठी ही शिडीच नव्हती. ब्रिटनमध्ये महिलांना व्यावसायिक परवाना मिळायला १९९८ साल उजाडावं लागलं, तेही जेन काउच ही बॉक्सर लवादाकडे गेली म्हणून. परवाना नाकारताना बॉक्सिंग मंडळाने मासिक पाळीमुळे बायका अस्थिर होतात असा मुद्दा मांडला होता. हे वाचून आजही माझ्या मुठी वळतात. आयर्लंडची डियर्ड्रा गोगार्टी १९९६ साली लास वेगासला टायसन-ब्रुनो लढतीच्या रात्री क्रिस्टी मार्टिनशी सहा राऊंड जीव तोडून लढली. पण तिला त्यासाठी देश सोडून लुइझियानाला जावं लागलं होतं, कारण आयर्लंडमध्ये महिलांना लढायची मुभाच नव्हती. तिथली पहिली अधिकृत महिला लढत झाली ३१ ऑक्टोबर २००१ ला, डब्लिनच्या नॅशनल स्टेडियममध्ये. त्यात लढलेल्या दोन मुलींपैकी एक होती पंधरा वर्षांची केटी. त्याआधी ती हेडगार्डखाली केस लपवून मुलांशी लढत असे.

घरच्या गर्दीचा आधारही तिला नव्हता. फेब्रुवारी २०१६ मध्ये डब्लिनच्या एका हॉटेलात बॉक्सरांची वजनं घेतली जात असताना टोळीयुद्धातून गोळीबार झाला आणि एकाचा जीव गेला. मोठे व्यावसायिक कार्यक्रम त्यानंतर डब्लिनपासून लांब राहिले. केटीच्या पहिल्या आठपैकी चार लढती लंडनला झाल्या, दोन मँचेस्टरला, एक ब्रुकलिनला आणि एक कार्डिफला. आयर्लंडच्या सर्वांत लाडक्या खेळाडूला व्यावसायिक म्हणून घरच्या माणसांसमोर लढायला मे २०२३ पर्यंत थांबावं लागलं.

म्हणजे शिडी नाही, घर नाही, आणि वय तीस. घाई करावी तर धोका होता. युक्रेनचा व्हॅसिली लोमाचेन्को दोन ऑलिंपिक सुवर्णं घेऊन आला आणि दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत जागतिक किताबासाठी उतरला, तर ओर्लांदो सालिदोसारख्या मुरलेल्या, राकट माणसाने २०१४ साली त्याला हरवलं. पण थांबायला केटीकडे वर्षं तरी कुठे होती?

पहिल्या दोन, चौदा दिवसांत

पहिली लढत पोलंडच्या कारिना कोपिन्स्काशी. तिसऱ्या राऊंडमध्ये रेफरीने थांबवली. निकालाबद्दल कोणालाच शंका नव्हती. त्या रात्री पाहायचं होतं ते शरीराचं जुळवून घेणं. हौशी बॉक्सिंगमध्ये केटीचं सगळं आयुष्य आत घुसून झपझप दोन-तीन ठोसे लावायचे आणि बाहेर पडायचं, यात गेलं होतं. तिथे ग्लोव्ह्ज दहा औंसांचे आणि डोक्याला गादी. इथे ग्लोव्ह्ज आठ औंसांचे आणि डोकं उघडं. स्वतःचा ठोसा जास्त लागतो तसा समोरचीचाही लागतो.

एक गोष्ट मात्र बदलली नव्हती, आणि या सगळ्या प्रकरणात ती मला फार महत्त्वाची वाटते. महिलांचा व्यावसायिक राऊंड दोन मिनिटांचा असतो, पुरुषांचा तीन. रिओपर्यंत हौशी महिलाही दोन-दोन मिनिटांचे चार राऊंड लढत होत्या. म्हणजे हौशीतून व्यावसायिकात येणाऱ्या पुरुषाला राऊंडची सगळी लय नव्याने शिकावी लागते, तशी केटीला लागली नाही. दोन मिनिटं सुसाट जायचं आणि एक मिनिट श्वास घ्यायचा, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. तिला फक्त राऊंडची संख्या वाढवायची होती. याची दुसरी बाजूही आहे. दोन मिनिटांत प्रतिस्पर्ध्याला दमवून, कोंडून, मग पाडायला वेळ पुरत नाही, म्हणून महिलांच्या लढती जास्त करून गुणांवर जातात. मग तिच्या ठोशात दम नाही, असं म्हणायला लोक मोकळे होतात. किताबाच्या लढतीत पुरुषांना छत्तीस मिनिटं मिळतात आणि महिलांना वीस. तेवढ्या वेळावरून ताकद मोजायची, हे मला कधीच पटलं नाही. प्युर्तो रिकोच्या अमांडा सेर्रानोने २०२३ मध्ये तीन मिनिटांचे बारा राऊंड लढून दाखवले, ते याच रागातून.

दुसरी लढत चौदाच दिवसांनी, १० डिसेंबरला मँचेस्टरमध्ये, ब्रिटनचा हेवीवेट अँथनी जोशुआ आणि एरिक मोलिना यांच्या लढतीच्या रात्री. समोर होती ब्राझीलमध्ये जन्मलेली, स्वित्झर्लंडची विवियन ओबेनाउफ. ती अंगावर चालून येणारी होती आणि पडूनही परत उभी राहिली. सहाही राऊंड झाले, निकाल ६०-५३. राऊंड जिंकणारीला दहा आणि हरणारीला सहसा नऊ गुण मिळतात, हे धरून आकडे नीट वाचले तर लढत डोळ्यांसमोर येते: केटीने सगळे राऊंड घेतले आणि एका नॉकडाऊनने समोरचीचा आणखी एक गुण कापला. ब्रिटनमध्ये किताब पणाला नसलेल्या लढतीत गुण एकटा रेफरी देतो, तीन जज नसतात. पहिल्या लढतीपेक्षा ही जोड कितीतरी मोलाची ठरली. समोरची पडली, तरी संपली नाही. पाडल्यावरही संयमाने पुढचे राऊंड काढायचे, ही व्यावसायिक बॉक्सिंगची खरी शिकवणी होती.

मार्च-एप्रिल: शिडीच्या पायऱ्या गाळत

४ मार्च २०१७ ला लंडनच्या ओ-टू अरीनामध्ये इटलीच्या मोनिका जेंटिलीची लढत पाचव्या राऊंडमध्ये थांबली. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

तीनच आठवड्यांनी, २५ मार्चला, मँचेस्टरमध्ये बल्गेरियाची मिलेना कोलेवा. या वेळी आठ राऊंड, आणि आठही झाले. बातमीदारांच्या लेखी ही फिकी लढत, कारण कोणी पडलं नाही. माझ्या लेखी पहिल्या सातांतली ही सर्वांत कामाची. चार महिन्यांपूर्वीपर्यंत जिची लढत आठ मिनिटांत संपायची, ती इथे सोळा मिनिटं लढली, तेही न थांबणाऱ्या प्रतिस्पर्धीसमोर. पुढे दहा राऊंडच्या लढतीत नवव्या-दहाव्याला पाय कसे वाटतील, याचा अंदाज जिममध्ये येत नाही. तो अशाच रात्री येतो.

मग २९ एप्रिल. वेम्बली स्टेडियम, जोशुआ विरुद्ध क्लिच्को, नव्वद हजार माणसं. मुख्य लढतीच्या कितीतरी आधी केटी जर्मनीच्या निना माइन्केशी लढली. माइन्के तोवर एकही लढत हरली नव्हती. जागतिक किताब देणाऱ्या चार संस्थांपैकी एक असलेल्या डब्ल्यूबीएचा आंतरखंडीय किताब पणाला होता आणि जिंकणारीला जागतिक किताबाच्या लढतीचा हक्क मिळणार होता. सातव्या राऊंडमध्ये रेफरीने लढत थांबवली. पहिल्या लढतीपासून इथवर जेमतेम पाच महिने झाले होते.

जोडी लावण्याचा क्रम इथे स्पष्ट दिसतो. आधी ठोसा बसतो का ते पाहिलं, मग समोरची टिकली तर काय होतं ते, मग दम, मग अपराजित मुलीसमोरचा धीर. पण एक गोष्ट कोणीच तपासली नव्हती. केटीपेक्षा ताकदवान, मार खाऊनही पुढेच येणारी, लढतीचं भांडण करून टाकणारी बाई समोर आली तर काय? वरच्या दर्जाच्या अशा बायका त्या वजनात थोड्या होत्या हे खरं. पण मला वाटतं, मुद्दामही टाळलं गेलं. माल नाजूक असेल तर हमाल तो हळूच उतरवतो, यात नवल नाही.

२९ जुलैला ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॅस्मिन क्लार्कसनच्या कोपऱ्यातल्या माणसांनी तीन राऊंडनंतर लढत सोडून दिली. अमेरिकेच्या टीव्हीला चेहरा दाखवणं, एवढाच त्या रात्रीचा उपयोग. अशी एकतर्फी जोड दोघींवरही अन्याय करते. एकीला शिकायला मिळत नाही आणि दुसरीला नुसता मार मिळतो.

कार्डिफचा तराजू

२८ ऑक्टोबर २०१७, कार्डिफचं प्रिन्सिपॅलिटी स्टेडियम, पुन्हा जोशुआची रात्र, सत्तर हजारांहून जास्त प्रेक्षक. सातवी लढत आणि डब्ल्यूबीएचा लाइटवेट जागतिक किताब. समोर अर्जेंटिनाची आनाही सांचेस, त्या वेळची जगज्जेती. पण वजनाच्या काट्यावर ती लाइटवेटच्या मर्यादेत, म्हणजे ६१.२ किलोत, बसली नाही. तिचा किताब तिथेच गेला. आता लढत झाली तर किताब फक्त केटीच जिंकू शकत होती.

वरून पाहता हे केटीच्या फायद्याचं वाटतं. पण वजन न उतरवलेला बॉक्सर हा उतरवलेल्यासाठी धोकाच असतो, कारण दुसरा उपाशीतापाशी राहून, पाणी तोडून तिथवर आलेला असतो. शिवाय सांचेसला आता गमवायला काहीच उरलं नव्हतं. केटी लढली. दुसऱ्या राऊंडमध्ये तिने पोटावर मारलेल्या ठोशाने सांचेस गुडघ्यावर आली, मग उठली आणि दहाही राऊंड उभी राहिली. तिन्ही जजांनी ९९-९० दिले. कोलेवासमोरचे आठ राऊंड इथे कामी आले, असं मी ठामपणे म्हणेन.

सात लढतींत जगज्जेती. हे वेगवान वाटत असेल तर अमेरिकेच्या क्लॅरेसा शील्ड्सकडे पाहा. दोन ऑलिंपिक सुवर्णं जिंकलेली ही मुलगी केटीच्या एकच आठवडा आधी, १९ नोव्हेंबर २०१६ ला, व्यावसायिक झाली आणि ४ ऑगस्ट २०१७ ला चौथ्याच लढतीत जगज्जेती झाली. तिच्या वजनात तर शिडीच्या पायऱ्या आणखीच कमी होत्या. शील्ड्स तेव्हा बावीस वर्षांची होती, तिला आपटून परत उठायला वेळ होता. केटीला हरणं परवडणारं नव्हतं, म्हणून तिच्या माणसांनी तीन लढती जास्त घेतल्या. हा निर्णय मला बरोबर वाटतो.

आणि दिल्लीत २००६ साली केटीसोबत सुवर्ण जिंकलेली सरिता देवी? २९ जानेवारी २०१७ ला इंफाळच्या खुमन लंपाकमध्ये, आपल्या माणसांसमोर, तिने हंगेरीच्या झोफिया बेडोला हरवून व्यावसायिक सुरुवात केली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ती गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुन्हा हौशी बॉक्सर म्हणून लढत होती. हिंमत सरिताकडेही होती, हातही होते. पण दर दोन महिन्यांनी तिला कोणाच्या तरी मोठ्या रात्रीत उभं करणारा प्रमोटर, टीव्ही आणि जोड लावणारा माणूस आपल्याकडे नव्हता. केटीची पहिली सात व्यासपीठं पुरुषांच्या लढतींची होती, म्हणजे उसनी. तरी तिला ती मिळाली. सरिताला उसनीसुद्धा मिळाली नाहीत, याचं मला मनापासून दुःख आहे.

यॉर्क हॉल

आठवी लढत १३ डिसेंबर २०१७ ला, पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीनच्या यॉर्क हॉलमध्ये. १९२९ साली उघडलेली ही जुनी वास्तू, माणसं बसतात जेमतेम बाराशे. नव्वद हजार आणि सत्तर हजारांसमोर लढलेली केटी या छोट्या हॉलमध्ये पहिल्यांदा रात्रीची मुख्य लढत लढणार होती. इथे नाव कोणाचं उसनं नव्हतं.

समोर शिकागोची जेसिका मॅकॅस्किल. दिवसा वित्तसंस्थेत नोकरी आणि संध्याकाळी जिम. तिच्या नावावर तेव्हा मोजक्याच लढती होत्या, त्यामुळे कागदावर ही जोड हलकी दिसत होती. किताब राखण्याची पहिली लढत म्हणून ती निवडताना लावणाऱ्यालाही तसंच वाटलं असावं.

घडलं वेगळंच. सुरुवातीचे राऊंड केटीच्या वेगाने घेतले. मग मॅकॅस्किल वेगाला दाद देईना. ठोसे खात ती आत घुसू लागली, लांबून उजव्या हाताचे मोठे वार सोडू लागली, आणि लढत केटीच्या आवडीच्या अंतरावरून जवळच्या झोंबाझोंबीत आली. केटी तिला धरू लागली, इतकी की रेफरीने धरण्यासाठी तिचा एक गुण कापला. केटीला एरवी कोणाला धरून ठेवायची वेळ येत नसे.

आणि धरत नव्हती तेव्हा ती तिथेच उभी राहून मारामारी करत होती. पाय तिला सहज बाहेर नेऊ शकले असते. नेले नाहीत. कोणी भिडलं की भिडायचंच, हा तिचा स्वभाव त्या छोट्या हॉलमध्ये उघड झाला. निकाल तिघाही जजांचा केटीकडेच: ९७-९२, ९८-९१, ९७-९२. आकड्यांत अंतर मोठं दिसतं, लढतीत तेवढं वाटत नाही. पहिल्या सात लढतींत न विचारलेला प्रश्न आठव्या लढतीने, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, विचारला होता.

एकूण ५२ राऊंड, चार लढती वेळेआधी थांबलेल्या, चार गुणांवर. त्या ५२ पैकी ज्या राऊंडांनी तिची पुढची कारकीर्द आधीच दाखवून दिली, ते मला यॉर्क हॉलच्या उत्तरार्धात सापडतात. १ जून २०१९ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बेल्जियमची डेल्फिन पेर्सून अशीच चालून आली, तेव्हा चारही संस्थांचे किताब केटीने घेतले खरे, पण दोन जजांनी ९६-९४ दिले आणि तिसऱ्याने ९५-९५ बरोबरी. ३० एप्रिल २०२२ ला त्याच गार्डनमध्ये अमांडा सेर्रानोसमोर ती पुन्हा भिडली आणि निकाल विभागून, दोन जज विरुद्ध एक असा, तिच्या बाजूने लागला.

जोड हलकी लागली, असं मॅकॅस्किलबद्दल म्हणणाऱ्यांना उत्तर मिळायला अडीच वर्षं गेली. १५ ऑगस्ट २०२० ला ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात, उघड्यावर मांडलेल्या रिंगमध्ये, तिने नॉर्वेच्या सेसिलिया ब्रेकहुसला हरवलं. ब्रेकहुस तोवर ३६ लढतींत एकदाही हरली नव्हती. तो निकाल कळल्यावर मी यॉर्क हॉलची लढत परत लावली आणि या वेळी केटीकडे न बघता दहाही राऊंड फक्त मॅकॅस्किलचे पाय पाहिले. ती एकदाही मनापासून मागे सरकलेली मला दिसली नाही.